शिळ्या पोळीचा लाडू

सन १९७२ ची गोष्ट. पावसाने पाठ फिरविली होती आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला होता. आमच्या गावच्या विहिरींनी तळ गाठला होता. गावकरी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून पोट भरीत. माझी आईही त्यांतच होती. घरी रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोची भाकरी होई. गव्हाची पोळी क्वचितच दिसे.

एके दिवशी मामा येणार म्हणून आईने मजुरीच्या पैशांतून गहू आणून पोळ्या केल्या. मामा काही आले नाहीत. चार पोळ्या उरल्या. सकाळी आजीने त्यांतील एक माझ्यापुढे ठेवली. ती अगदी वातड झाली होती. "शिळी पोळी मी खाणार नाही," असे म्हणून मी ताटली दूर सारली.

आजी रागावली नाही. तिने पोळ्या उलटसुलट करून पाहिल्या व हुंगल्या. "बुरशी नाही, आंबूस वास नाही. मग टाकायच्या कशाला?" ती म्हणाली.

तिने पोळ्यांचे तुकडे केले आणि तळहातांवर चोळून त्यांचा बारीक कुस्करा केला. मुलांनो, पोळी निवली की तिच्यातील पिष्टाची रचना पुन्हा घट्ट होते आणि ओलावाही कमी होतो. म्हणून ती कडक बनते. पण हाच दोष येथे उपयोगी पडतो. ताज्या मऊ पोळीचा कुस्करा इतका मोकळा होत नाही.

आजीने कढईत दोन चमचे तूप तापविले व त्यात अर्धी वाटी चिरलेला गूळ घातला. गूळ विरघळताच तिने कढई खाली उतरविली. "पाक होऊ द्यायचा नाही; नाहीतर लाडू दगडासारखे होतात," ती म्हणाली. मग त्यात कुस्करा कालवून, मिश्रण कोमट आहे तोच तिने लाडू वळले.

सहा लाडू झाले. एक खाऊन मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आजीने उरलेले पाच फडक्यात बांधले. "हे आईला तलावावर देऊन ये."

भर दुपारी आई उन्हात खडी फोडीत बसली होती. तिने फडके सोडले, शेजारच्या चार बायांना एकेक लाडू दिला आणि शेवटचा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. तेव्हा तिच्या तळहातावरचे फोड मला प्रथमच दिसले. याच हातांनी मिळविलेली पोळी मी सकाळी दूर सारली होती! तो अर्धा लाडू माझ्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी मी हे आजीला सांगितले. ती एवढेच म्हणाली, "बाळ, पोळी शिळी होते; तिच्यामागचे कष्ट शिळे होत नाहीत."

आज आमच्या घरी गव्हाची वाण नाही. तरीही पोळी उरली की मी नातवंडांना जवळ घेऊन कुस्करा करावयास बसतो.

शब्दार्थ
वातड – चावण्यास कठीण, चिवट
पिष्ट – धान्यातील पांढरा पिठूळ पदार्थ
पाझर तलाव – पाणी जमिनीत मुरावे म्हणून बांधलेला तलाव
वाण – उणीव, टंचाई

स्वाध्याय
१. पोळ्या वापरण्यापूर्वी आजीने काय पाहिले? का?
२. गुळाचा पाक का होऊ देऊ नये?
३. अर्धा लाडू लेखकाच्या घशाखाली का उतरेना?
४. 'पाठ फिरविणे', 'तळ गाठणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.