जुने घर, नवी गरज

प्रश्न : रत्नागिरीकडील आमचे जांभ्या दगडाचे घर प्रशस्त आहे, परंतु गुडघ्यांच्या व्याधीमुळे सासूबाईंना उंबरठे ओलांडवत नाहीत आणि न्हाणीघर परसात आहे. घर पाडून नवे बांधावे काय?

उत्तर : पाडण्याचे प्रयोजन मला मुळीच दिसत नाही. नकाशा काढावयास बसण्यापूर्वी घरातील प्रत्येक माणूस कोणत्या प्रहरी कोठे बसतो व कशासाठी उठतो, याची तपशीलवार नोंद करावी. कारण सासूबाईंचा वावर जर माजघरातच असेल, तर ओटीच्या सुशोभनावर रक्कम खर्ची घालणे हा निव्वळ अपव्यय होय. माजघराला लागून असलेल्या मागील पडवीतच न्हाणीघर व शौचकूप आणावे, त्याचे दार तीन फूट रुंद व बाहेर उघडणारे ठेवावे आणि भिंतीत आधाराची पक्की दांडी बसवावी. सहा इंची उंबरठ्यास उतरण करावयाची, तर ती किमान सहा फूट लांब हवी. गवंडी ती दोन फुटांत उरकू पाहील, त्यास बजावून ठेवावे. जांभ्याच्या भिंती छपराचा भार वाहतात, म्हणून अभियंत्याच्या सल्ल्यावाचून त्यांत नवे दार पाडू नये. ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करावीच. मात्र तत्पूर्वी सासूबाईंची मर्जी विचारावी.