अभ्यासपाठ : साहेबांनी वायरिंगमध्ये चूक काढली, आता काय करायचं?

(गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकून चर्चा करावी.)

ताईंनो,

गटाचं कर्ज घेऊन घर बांधलं. पत्रे चढले, गिलावा झाला, वायरमननं वायरिंग केलं. आता फक्त मीटर बसायचं राहिलंय. आणि वीज कंपनीचे साहेब येऊन सांगतात, "वायरिंगमध्ये दोष आहे, जोडणी मिळणार नाही." वायरमन म्हणतो, "वहिनी, साहेबांचं काय ऐकताय? वीस वर्षं झाली, असंच करतोय मी." दोघं अंगणात उभं राहून भांडतात. मधल्या मध्ये अडकते ती घरधनीण. कर्जाचा हप्ता सुरू झालेला, पोरांचा अभ्यास अंधारात, आणि वायरमनची उरलेली मजुरी द्यायची का नाही तेही कळत नाही.

अशा वेळी आपण काय करतो? ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं मानतो. नाहीतर कुणाचे तरी पाय धरतो. पण वीज ही आवाज बघत नाही, ती मोजता येते. म्हणून आजच्या पाठातली गोष्ट एकच आहे: दोष लेखी मागायचा, खरा असेल तर दुरुस्त करायचा, खरा वाटत नसेल तर मोजमाप मागायचं.

कोण काय करतं?

घराचं वायरिंग कुणीही करायचं नसतं. शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार आणि त्याच्या हाताखालचा परवानाधारक तारतंत्री, म्हणजे आपला वायरमन, यांनीच ते करायचं असतं. काम झाल्यावर ठेकेदार चाचणी अहवाल, म्हणजे टेस्ट रिपोर्ट, सही करून देतो. तो बघून महावितरणची माणसं घर तपासतात आणि जोडणी देतात.

यांच्याशिवाय तिसरा एक अधिकारी असतो, तो आपल्याला सहसा माहीत नसतो. तो म्हणजे विद्युत निरीक्षक. हा महावितरणचा नोकर नाही, राज्य शासनाचा अधिकारी आहे. वायरिंग धोक्याचं आहे की नाही, यावर कंपनी आणि ग्राहक यांचं पटलं नाही तर निवाडा करायचं काम त्याचं.

एक घर डोळ्यांसमोर आणा

समजा, पाटण तालुक्यातलं घर आहे. पावसाळा नुकताच सरलाय. साहेबांनी तपासणी करून चार दोष सांगितले:

१. न्हाणीघरातल्या दिव्याचं बटण न्यूट्रलवर आहे.
२. आरसीसीबी बसवलेली नाही.
३. अर्थिंगला पाईप घातलाय, तांब्याची प्लेटच पाहिजे.
४. भिंती ओल्या आहेत, वायरिंगला लीकेज असणार.

वायरमनच्या मते चारही खोटे. साहेबांच्या मते चारही खरे. आपण एकेक बघू.

*पहिला दोष : खरा.* बटण नेहमी फेजच्या वायरवर पाहिजे. ते न्यूट्रलवर असलं तरी दिवा बंद होतो, म्हणून वर्षानुवर्षं चूक कळत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज खेळत राहते. ओल्या हातानं दिवा बदलायला गेलेल्या बाईला झटका बसतो. सुरक्षा नियमांनुसार एकट्या न्यूट्रलवर बटण किंवा फ्यूज टाकता येत नाही. वायरमननं हे निमूट दुरुस्त करावं, आणि आपल्या खर्चानं करावं.

*दुसरा दोष : हाही खरा.* वायरमन म्हणतो, "एमसीबी आहे की, आरसीसीबीचा खर्च कशाला?" इथं थोडं गणित करू. आपल्या घरात २३० व्होल्टचा दाब असतो. समजा मोटारीच्या पत्र्यात वीज उतरली आणि आपल्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. २३० ला ५० नं भागलं तर ४.६ अँपियर येतात. म्हणजे एवढी वीज अर्थिंगमधून जमिनीत जात राहील. पण एमसीबी १६ अँपियरची. तिला वाटतं, सगळं ठीक चाललंय. ती पडतच नाही, आणि मोटारीचा पत्रा तसाच जिवंत राहतो.

आरसीसीबीचं काम वेगळं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सारखी ताडून बघते. घरगुती वापराच्या आरसीसीबीत ३० मिलीअँपियरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ती वीज तोडते. एक अँपियर म्हणजे १००० मिलीअँपियर, हे लक्षात घेतलं की एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक कळतो. एमसीबी वायर जळू देत नाही. आरसीसीबी माणूस वाचवते. कॉईल, मोटार, इस्त्री, मिक्सर, या सगळ्यांना घरात जास्त हात लागतो तो आपलाच, तोही पुष्कळदा ओला. अगदी लहान भाराच्या जोडणीला नियमात सूट आहे. पण पाणी तापवायचा एक कॉईलच दीड हजार वॅटचा असतो. तेव्हा सुटीच्या मागे लागू नका.

*तिसरा दोष : खरा नाही.* अर्थिंग कसं करावं याचं भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस ३०४३. त्यात प्लेट, पाईप आणि सळई अशा वेगवेगळ्या पद्धती मान्य आहेत. प्लेटच पाहिजे असं नाही. पाईप पुरेसा खोल गेलाय का, वायर घट्ट जोडलीय का आणि रोध किती येतो, हे बघायचं. माण, जत, आटपाडीच्या कोरड्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात रोध वाढतो. तिथं अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. कृष्णाकाठच्या काळ्या ओलसर मातीत तोच पाईप चांगलं काम देतो. म्हणून पाईप की प्लेट हा वाद घालू नका, रोध मोजायला सांगा.

*चौथा दोष : मोजल्याशिवाय सांगता येत नाही.* पाटण, जावळीकडं पावसानंतर नवा गिलावा बराच काळ ओलसर राहतो, आणि ओलीनं वायरिंगमधून वीज झिरपू शकते. साहेबांची शंका रास्त आहे. पण "असणार" म्हणून जोडणी नाकारता येत नाही. त्यासाठी मेगर नावाचं यंत्र असतं. मेन बंद करून, उपकरणं काढून, वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देतात. रोध किमान १ मेगओहम, म्हणजे १० लाख ओहम आला, तर वायरिंग चालतं. त्याच्या खाली आला तर साहेबांचं खरं. भिंत वाळू द्यायची, सदोष तुकडा बदलायचा आणि पुन्हा मोजायचं.

बघा, चारांपैकी दोन दोष खरे, एक चुकीचा आणि एक मोजून ठरवायचा. साहेबही पूर्ण बरोबर नव्हते आणि वायरमनही नव्हता. भांडत राहिलो असतो तर यातलं काहीच कळलं नसतं.

पायऱ्या लक्षात ठेवा

*पहिली पायरी : कारण लेखी घ्या.* वायरिंग सदोष म्हणून जोडणी नाकारली तर कारण लेखी कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. तोंडी बोलण्यावर घरी येऊ नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण कागदावर द्या. वायरमनला दाखवायला लागतंय."

*दुसरी पायरी : खरे दोष काढा.* ठेकेदाराकडून नवा टेस्ट रिपोर्ट घ्या. त्यात नुसतं "ठीक" नको, मेगरचा आणि अर्थिंगचा आकडा पाहिजे. नंतर फेरतपासणीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

*तिसरी पायरी : तरीही नाकारलं तर विद्युत निरीक्षकाकडं अपील करा.* ही सोय जुनी आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ती होती, २०१० च्या सुरक्षा नियमांत होती, आणि त्यांच्या जागी २०२३ साली आलेल्या नियमांतही आहे. अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत चाचणी व्हायला पाहिजे. वायरिंग निर्दोष आहे असं निरीक्षकानं कळवलं, तर त्या कारणावरून कंपनीला वीज नाकारता येत नाही. कळवल्यापासून २४ तासांत वीज सुरू करावी लागते.

*चौथी पायरी : दोष नाही, पण नुसता उशीर चाललाय?* ते काम निरीक्षकाचं नाही. नवी लाईन ओढायची गरज नसेल तर ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी द्यावी, असं केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम २०२४ च्या दुरुस्तीनंतर सांगतात. आधी महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडं जा. महावितरणमध्ये सातारा जिल्हा बारामती परिमंडळात येतो आणि सांगली जिल्हा कोल्हापूर परिमंडळात. मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल आहेत. मंचापुढं वकील लावायची गरज नाही.

अर्जाचा नमुना

"मा. विद्युत निरीक्षक यांस, मी (नाव, गाव, तालुका). माझ्या घराच्या वीज जोडणीचा अर्ज क्रमांक ( ) आहे. दिनांक ( ) रोजी वायरिंग सदोष असल्याच्या कारणावरून जोडणी नाकारली आहे. नकाराचं पत्र सोबत जोडलं आहे. दाखवलेल्या दोषांपैकी क्रमांक ( ) दुरुस्त केले आहेत. क्रमांक ( ) मला मान्य नाहीत. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल सोबत आहे. तरी आपण वायरिंगची चाचणी करून निर्णय द्यावा, ही विनंती."

एवढं पुरे. खाली सही करा आणि पोच घ्यायला विसरू नका.

तीन गोष्टी सांभाळा

एक, वाट बघताना आकडा टाकू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी ठरते आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय न तपासलेल्या वायरिंगमध्ये वीज सोडली तर जीव जातो तो घरातल्याच माणसाचा.

दोन, काम देताना वायरमनला विचारा, "दादा, परवाना कुणाचा? रिपोर्टवर सही कोण करणार?" मजुरीचा शेवटचा भाग टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावर द्यायचा, हे आधीच ठरवा. पण रिपोर्ट चांगला आला आणि साहेबांचा दोष चुकीचा निघाला, तर वायरमनचा पैसा अडवू नका. त्याच्याही घरी चूल आहे.

तीन, ही चाचणी फक्त नव्या घरासाठी नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती घरांत पाणी शिरलं, ते आपण पाहिलंय. पाणी ओसरल्यावर भिंत बाहेरून वाळलेली दिसते, आतला पाईप ओला असतो. मेगर लावल्याशिवाय मेन चालू करू नका.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्यापैकी किती जणींच्या घरी आरसीसीबी आहे? घरी जाऊन तिचं टेस्टचं बटण दाबून बघा. ती पडली पाहिजे. पडली नाही तर वायरमनला बोलवा.
२. आपल्या गावात वायरिंग करणाऱ्यांपैकी परवाना कुणाकडं आहे? ग्रामसंघाच्या वहीत यादी करा.
३. घरासाठी कर्ज मागणाऱ्या ताईकडून टेस्ट रिपोर्टची प्रत घ्यायची, असा ठराव आपला गट करेल का?

साहेबांशी वैर नको आणि वायरमनशीही नको. पुढच्या वेळी अंगणात दोघं भांडायला लागले की मध्ये उभं राहून एवढंच म्हणा, "भाऊ, साहेब, आकडा किती आला ते सांगा."