वेबसाइट पाडू नका, दुरुस्त करा

प्रश्न : नंदुरबारला आमचा मिरचीचा व्यापार आहे. जुन्या वेबसाइटवरचं मराठी मोबाइलवर गिचमिड दिसतं. नवीनच करावी का? – एक वाचक

उत्तर : मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे गूगललाही वाचता येईल. रूपांतरात रफार हमखास घसरतो, तेव्हा 'दर्जा', 'खर्च' असे शब्द स्वतः तपासा. पानांचे पत्ते बदलले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारं ३०१ रीडायरेक्ट लावायला सांगा. पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरचीचा फोटो हवाच, पण १००-१५० केबीत बसवा. धडगाव-अक्कलकुव्याकडची रेंज तुम्हाला ठाऊकच आहे. सरकते बॅनर? निव्वळ हौस! आणि डोमेन डिझायनरच्या नव्हे, तुमच्याच नावावर आहे ना, ते आजच बघा.