ट्रफलचे तेल : अस्सल किती आणि वासाचे किती?

मुंबईच्या बड्या किराणा दुकानांत आणि आखातातल्या सुपरमार्केटांत 'ट्रफल ऑइल'ची चिमुकली बाटली मिळते. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरील हॉटेलांना माल पुरवणाऱ्या खेडच्या व्यापारी बंधूंकडे उद्या या तेलाची मागणी आली, तर काय पाहून घ्यायचे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळंबी. कुवेत, सौदी, कतारमध्ये नोकरी केलेल्यांनी तिची वाळवंटी बहीण पाहिलीच असेल. तेथे तिला 'फगा' म्हणतात, ग्रंथांतील अरबी नाव 'कमअ'. वाळवंटात चांगला पाऊस झाला की हिवाळ्याच्या अखेरीस ती वाळू फोडून वर येऊ लागते, म्हणून अरब तिला मेघगर्जनेची लेक म्हणतात. पांढरी 'झुबैदी' महाग, तांबूस 'खलास' त्या मानाने स्वस्त. परंतु फग्याचा वास अगदी सौम्य असतो. बाटलीतले तेल फग्याच्या नव्हे, तर युरोपातील ट्रफलच्या नावाने विकले जाते. इटलीतील आल्बाचा पांढरा ट्रफल आणि फ्रान्समधील पेरिगोरचा काळा ट्रफल हे त्यांतले नामांकित. पांढऱ्याचा भाव किलोला काही लाख रुपयांत जातो, आणि कुत्र्यांकडून हुंगून तो शोधावा लागतो.

आता तेलाची गोष्ट. ताज्या ट्रफलचा वास मोजके दिवस टिकतो. तेलात तुकडे घातले तरी तो थोड्याच काळात उडून जातो. मग महिनोन् महिने फळीवर राहणारी बाटली उघडताच घमघमते कशी? बहुतेक बाटल्यांत ऑलिव्हचे किंवा सूर्यफुलाचे तेल असते आणि त्यात '२,४-डायथायापेंटेन' नावाचे गंधकयुक्त रसायन मिसळलेले असते. हे द्रव्य पांढऱ्या ट्रफलमध्ये निसर्गतःही आहे. मात्र तिथे ते अनेक वासांपैकी एक, आणि बाटलीत ते एकटेच. अमेरिकी शेफ डॅनियल पॅटरसन यांनी २००७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हे उघडपणे लिहिले, तेव्हा स्वतः हे तेल वापरणारे कित्येक आचारीही चकित झाले.

अत्तराच्या धंद्यातील बंधूंना हे समजावून सांगायला नको. अस्सल गुलाबात शेकडो घटक असतात. नुसत्या फिनाइल इथाइल अल्कोहोलवर केलेला 'गुलाब' पहिल्या फायाला गोड लागतो, पण त्याला पुढे काही सांगायचे नसते. नकली ट्रफल तेलाचेही तसेच आहे. लसूण आणि गॅस यांच्यामधला एकच उग्र वास पहिल्यापासून शेवटपर्यंत राहतो आणि जेवणानंतर ढेकरेतही येतो. अस्सल वास मऊ असतो. ओली माती, सुका मेवा, थोडी लसूण असे एकामागून एक जाणवते आणि तो लवकर विरतो. अर्थात केवळ नाकावर सौदा करू नये. खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीनेच मिळतो. बाटली फ्रीजमध्ये गोठवणे, वात पेटवून पाहणे असले घरगुती प्रयोग या कामी निरुपयोगी आहेत.

नाकाआधी लेबल वाचावे. घटकांच्या यादीत नुसते 'अरोमा', 'फ्लेवरिंग' किंवा 'ट्रफल अरोमा' असेल, तर वास बाहेरून घातला आहे. 'नॅचरल फ्लेवरिंग' या शब्दांनीही भुलू नये. ते नैसर्गिक असेल, पण ट्रफलचेच असेल असे नाही. युरोपीय नियमानुसार 'नॅचरल ट्रफल फ्लेवरिंग' असे पूर्ण लिहायचे, तर त्या स्वादाचा किमान ९५ टक्के भाग ट्रफलमधूनच आलेला असावा लागतो. तळाशी तरंगणारा काळा तुकडा हा पुरावा नव्हे. तो बहुधा स्वस्त जातीचा असतो आणि वासाशी त्याचा संबंध नसतो. भारतात आयात झालेल्या बाटलीवर आयातदाराचे नाव-पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असायला हवा. हे नसलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी दुकानात ठेवू नये.

वासाचे तेल विकणे हा गुन्हा नाही. बांधणीच्या हिंगात पीठ व डिंक असतो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते आणि तो खुशीने घेतो. तसेच हेही 'ट्रफल स्वादाचे तेल' म्हणून, त्या भावाने विकावे. अस्सलचा भाव लावून विकले, तर ती फसवणूक होते.

आणखी एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. सहीह बुखारीतील हदीसमध्ये कमअच्या पाण्याचा डोळ्यांच्या शिफेशी संबंध आला आहे. त्याचा आधार घेऊन कोणी हे तेल डोळ्यांसाठी मागितले, तर देऊ नये. तो उल्लेख पाण्याचा आहे आणि बाटलीत रसायन घातलेले खाद्यतेल आहे. असे तेल डोळ्यात मुळीच घालू नये. डोळ्यांच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडेच पाठवावे. घरी ताजे तुकडे तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा प्रयोगही करू नये. हवाबंद तेलात बोट्युलिझमचे जिवाणू वाढतात, आणि त्यांच्या विषाचा वास येत नाही.