काजवे पाहायला गावातच राहावे का?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलांना काजवे दाखवायचे आहेत. रिसॉर्टऐवजी गावात राहता येईल का?

उत्तर : जरूर. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळी कुटुंबे पाहुण्यांना घरी ठेवतात. चुलीवरची भाकरी ताटात येते आणि पैसे थेट त्या घरात जातात. माझ्या मते हाच खरा फायदा. कसारा लोकलने जा, पुढे घोटी-राजूरमार्गे जीप करा.

हंगाम मेअखेर ते जून. काजवे लुकलुकून जोडीदाराला साद घालतात. मोबाइलची बॅटरी किंवा गाडीचे दिवे लागले की त्यांचे मीलनच बिघडते. फ्लॅश तर नकोच. मुलांना अंधारात दहा मिनिटे नुसते बसवा, डोळे सरावतात.

निघण्यापूर्वी जेवणाऱ्यांची संख्या यजमानांना नक्की कळवा.