जुन्या कॅसेटचं काम घेताय? आधी फाइलचा फॉरमॅट ठरवा

मागच्या व्हिडिओत आपण व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचा धंदा पाहिला. त्यावर अमरावती-अकोल्याहून एकच प्रश्न जास्त आला : "सर, फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये बनवायची?"

आधी माझी चूक सांगतो. वरुडचे एक संत्रा बागायतदार कॅसेट घेऊन आले. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'मध्ये त्यांचे वडील दिसले होते, ते घरीच रेकॉर्ड केलेलं. वडील आता नाहीत. मी एमकेव्ही फाइल करून दिली. दुसऱ्या दिवशी फोन : "भाऊ, टीव्हीवर लागूनच नाही राहिलं." वर्षश्राद्धाला पाहुणे जमलेले! माझ्या लॅपटॉपवर चाललं, त्यांच्या टीव्हीवर नाही.

तेव्हापासून मी एका कॅसेटच्या दोन फाइली करतो. एक कापायला, एक पाहायला.

कापायची फाइल मोठीच असते. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी जातात. पण त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली असते, त्यामुळे हवं तिथे नेमकं कापता येतं. एच.२६४ मध्ये बऱ्याच फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा झालेला बदल साठवतात. म्हणून फाइल लहान, पण कापून पुन्हा सेव्ह केली की चित्र थोडं उतरतं. चार वेळा केलं तर चेहरे पुसट. स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्र बहुतेक एमपेग-२ देतं. कामचलाऊ आहे, फक्त बिटरेट कमी ठेवू नका.

पाहायची फाइल मात्र एमपी४ : चित्र एच.२६४, आवाज एएसी. तासाला एक-सव्वा जीबी पुरे. आपलं जुनं टीव्ही चित्र पॅल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि तेही इंटरलेस्ड. म्हणजे हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा, रेघा जातात. मूळ ७२० बाय ५७६ चं एचडी करून देतो असं गिऱ्हाइकाला सांगू नका. मोठं होईल, स्पष्ट नाही.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसतच नाही. लांब लग्नाचे दोन भाग करा.

आणि हो, कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार वाहिनीचा प्रक्षेपणावर २५ वर्षं हक्क असतो. सिनेमे, मालिका उतरवून विकायचं काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका.

दर ठरवताना दोन्ही फाइलींचा आणि हार्डडिस्कचा खर्च धरा. कॅसेट परत देताना सांगा, गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. अकोल्याचा मे महिना टेपला मानवत नाही. गिऱ्हाइकानं स्वतःच्या टीव्हीवर पूर्ण पाहून "बरोबर आहे" म्हटल्याशिवाय मोठी फाइल डिलीट करायची नाही. वरुडवाल्यांची होती, म्हणून तासाभरात एमपी४ बनवून संध्याकाळच्या एसटीनं पाठवता आली.