डोळ्यांचा घसारा: दुकानदाराच्या वहीत नसलेला खर्च

या आठवड्याच्या व्हिडिओत उधारी नाही, स्टॉक नाही, जीएसटी पण नाही. विषय आहे डोळे. "सर, धंद्याच्या चॅनलवर डोळे कुठून आले?" असं वाटेल तुम्हाला, म्हणून आधी माझ्या 3,640 रुपयांची गोष्ट सांगतो.

बारामतीत माझं इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मध्यंतरी एका नवीन कंपनीची वायर भरली. होलसेलच्या बिलावरची छपाई फिकट. एका बंडलाचा भाव 1,860 होता, मी कॉम्प्युटरला 1,360 टाकला. नवीन माल, भाव तोंडपाठ नव्हता. मार्जिन धरून 1,600 ला विकत राहिलो. गिऱ्हाईक खूश, मी पण खूश. चौदा बंडलं गेल्यावर पुढची ऑर्डर द्यायला फोन केला, तेव्हा कळलं की प्रत्येक बंडलामागे 260 रुपये मी खिशातून घालतोय. कामावरच्या पोराला झापणार होतो, मग लक्षात आलं की एन्ट्री माझीच आहे.

तरी डोळे तपासले नाहीत. छपाईला शिव्या दिल्या आणि विषय सोडला.

त्यानंतर एकदा इंदापूरचं ट्रेनिंग संपवून रात्री गाडीने परत येत होतो. उसाचा सीझन होता. भवानीनगरच्या अलीकडे समोरच्या गाडीच्या लाइटला अशा रेघा फुटल्या की पुढचं काही दिसेना. आणि पुढे होती उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला म्हणून हे लिहितोय. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, पण शेजारी बसलेल्या मित्राला ती माझ्या आधी दिसली होती.

दुसऱ्या दिवशी तपासणी केली. उजव्या डोळ्याला पाऊण सिलिंड्रिकल नंबर निघाला आणि डोळे कोरडे पडलेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आकडे वाचत नाही, अंदाजाने ओळखता. ओळखीचा आकडा नसला की चुकता." बीबीएला आम्हाला मशीनचा घसारा काढायला शिकवला होता. डोळ्यांचाही होतो, हे कुणी बोललंच नाही.

आता धंद्याचं बोलू. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी व्हायला लागतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होतं, त्यामुळे हे सगळ्यांनाच होतं. आपल्याकडे त्याला चाळिशी लागणं म्हणतात आणि वर्षानुवर्षं बिल लांब धरून काम भागवतात. आसाममध्ये चाळिशीपुढच्या चहा तोडणाऱ्या कामगारांना जवळचा साधा चष्मा देऊन अभ्यास झाला, तो 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांची तोडणी साधारण 22 टक्के जास्त वाढली. पुढे 2024 साली बांगलादेशातला अभ्यास आला, त्यात चष्मा मिळालेल्यांची कमाई 33 टक्क्यांनी जास्त भरली. इतका परतावा देणारी गुंतवणूक माझ्या दुकानात दुसरी नाही. तुमच्याकडे पॅकिंगला, शिलाईला, वाती-पापडाला चाळिशीपुढच्या बायका असतील, तर आधी त्यांची तपासणी करून घ्या. "मावशी हल्ली सावकाश काम करतात" याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

माझ्या काउंटरवर मी काय बदललं ते सांगतो. बल्ब माझ्या पाठीमागे होता, म्हणजे बिलावर माझीच सावली पडायची. तो पुढे, डावीकडे घेतला. कॉम्प्युटरवर रस्त्याचा उजेड चमकायचा, म्हणून स्क्रीन आडवी फिरवली, हातभर लांब आणि नजरेच्या थोडी खाली ठेवली. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, त्यामुळे डोळे चुरचुरतात. त्यावर 20-20-20 चा नियम आहे: दर 20 मिनिटांनी, 20 फुटांवरचं काहीतरी, 20 सेकंद बघायचं. मी समोरच्या दुकानाची पाटी बघतो. त्या दुकानदाराला आधी वाटलं मी त्याची गिऱ्हाइकं मोजतोय! गल्ल्याजवळ वाचायचा एक चष्मा गिऱ्हाइकांसाठी पण ठेवलाय. म्हातारी माणसं तो लावून पाकिटावरचा भाव वाचतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यूट्यूबवर उलटं बरंच चालतं. व्यायामाने किंवा गाजराच्या ज्यूसने चष्म्याचा नंबर उतरत नाही. 'अ' जीवनसत्त्व डोळ्याला लागतंच. शेवगा, पालक, पपई, गाजर जरूर खा, पण त्याने माझा पाऊण नंबर गेला नसता. डोळ्यात मध, गुलाबपाणी, दूध तर अजिबात घालू नका. लहान मुलांना मात्र रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळू दिलं, तर लांबचा नंबर लागण्याचा धोका कमी होतो. आपण दुकानदार नेमकं उलटं करतो, पोरगं शांत बसावं म्हणून हातात मोबाईल देतो.

आपल्या भागात उसाचं पान डोळ्याला लागणं नेहमीचं. डोळा लाल झाला की मेडिकलमधून कुठलेही ड्रॉप आणून टाकायचे, ही सवय घातक आहे. त्यात स्टेरॉइड असेल आणि जखमेत बुरशी असेल, तर डोळा जाऊ शकतो. असा डोळा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. फॅब्रिकेशन सुरू करणाऱ्यांनी ग्राइंडरला गॉगल आणि वेल्डिंगला काळ्या काचेचा मास्क पहिल्या खरेदीतच धरावा, नफा झाल्यावर घेऊ म्हणू नये.

शुगर असेल तर वर्षातून एकदा पडद्याची तपासणी, म्हणजे थेंब टाकून बाहुली मोठी करून करतात ती. नजर चांगली वाटत असली तरी. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, आधी कडेची नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला असेल, किंवा तुमची चाळिशी उलटली असेल, तर डोळ्याचं प्रेशर आणि मागची नस बघून घ्या. चष्म्याच्या दुकानात नुसता नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं होत नाही. खर्चाची अडचण असेल तर बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापूरलाही उपजिल्हा रुग्णालय आहे. ओपीडीची वेळ विचारून जा.

आजचा गृहपाठ. संध्याकाळी शटर ओढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फूट लांब उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि तारखा वाचा. मग दुसरा झाका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उधारी फेडत असतो, म्हणून फरक कळत नाही. माझ्या वडिलांनी हे केलं तेव्हा डाव्या डोळ्याने त्यांना फक्त लाल रविवार दिसले. मोतीबिंदू निघाला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.